मॉर्फिन शेवटासाठी राखून ठेवू नका: हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेबद्दल

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते, कारण तुम्ही ते जाता जाता लिहिलंय आणि माझी नजर तिथेच अडकली. "तीन-चार दिवसांपासून बाबा चालताना अडखळतात, पाय जड झालेत म्हणतात." प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यांत पसरलेला आहे, पाठ आधीपासून दुखतेय, आणि आता पायातली ताकद कमी होतेय. याला आजारातला अशक्तपणा समजून सोडून देऊ नका. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर किंवा तिथून निघणाऱ्या नसांवर दाब देत असू शकते. हे डॉक्टरांना आजच कळवा. संपूर्ण पाठीच्या कण्याचा एमआरआय शक्यतो २४ तासांत व्हायला हवा. दाब असेल तर सहसा डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड लगेच सुरू होतं, आणि पाठोपाठ रेडिएशन किंवा ऑपरेशन ठरतं. उपचार सुरू होताना जो माणूस स्वतःच्या पायांनी चालतोय, त्याचं चालणं टिकण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत मिळवणं फार अवघड जातं. लघवी अडली, नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेभोवती बधिरपणा आला, तर फोन करण्यातही वेळ घालवू नका, थेट इमर्जन्सी विभागात न्या. कदाचित हे निव्वळ थकव्याचं निघेल. तसं निघालं तर आनंदच आहे, पण ते तपासणीतून कळू दे.

हे झालं की पुढचं वाचा.

तुमचा मूळ प्रश्न मला असा दिसतो. वडील ७१ वर्षांचे. आजार पाठीच्या-कमरेच्या मणक्यांत आणि मांडीच्या हाडात गेलेला. ट्रामाडॉलने, म्हणजे मॉर्फिनहून सौम्य वेदनाशामकाने, भागेना म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दर चार तासांनी लिहून दिल्या. घरी मात्र त्या "अगदीच सहन होईना तेव्हा", म्हणजे दिवसातून एखाद-दोनदा दिल्या जातात. आईंना सवय लागायची भीती आहे, काका म्हणतात की मॉर्फिन सुरू झालं म्हणजे संपलंच. मध्ये दोन दिवस नियमित दिलं तर मळमळ झाली, शौचाला झालं नाही, म्हणून परत थांबवलं. रात्री दोनच्या सुमाराला बाबा कण्हत उठतात आणि सगळं घर जागं होतं. तुम्ही विचारता, त्वचेवर चिकटवायचा औषधाचा पॅच मागावा का? आणि आत्ताच एवढं मॉर्फिन दिलं तर पुढे दुखणं वाढल्यावर काय उरणार?

मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत काम करते. औषध बदलूनही दुखणं थांबत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घरांत मी पहिला प्रश्न "कुठलं औषध" असा विचारत नाही, "कालच्या २४ तासांत प्रत्यक्ष किती गोळ्या पोटात गेल्या" असा विचारते. बहुतेक वेळा उत्तर तुमच्यासारखंच असतं. म्हणजे औषध हरलेलं नाही, ते अजून नीट दिलंच गेलेलं नाही. तुमच्या वडिलांचं मॉर्फिन कमी पडतंय की नाही हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कारण चिठ्ठीवरचे ६० मिलिग्रॅम आणि पोटात जाणारे १०-२० मिलिग्रॅम यात फार मोठं अंतर आहे.

साधी मॉर्फिनची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास आराम वाटू लागतो, तासाभरात परिणाम पूर्ण भरात येतो आणि साधारण चार तासांत ओसरतो. दर चार तासांचं वेळापत्रक या हिशोबातून आलंय. आधीची गोळी ओसरायच्या आत पुढची गेली की रक्तातली पातळी टिकून राहते आणि दुखणं वर डोकं काढत नाही. "दुखलं की देऊ" या पद्धतीत माणूस आधी कळवळतो, मग सांगू का नको याचा विचार करतो, मग गोळी मिळते, मग आणखी अर्धा तास वाट बघतो. तोवर अंग ताठरलेलं असतं, घाम फुटलेला असतो, आणि एवढं चढलेलं दुखणं उतरवायला त्याच गोळीचा जोर पुरत नाही. शिवाय त्याच्या मनात पुढच्या झटक्याची धास्ती बसते. ती धास्ती स्वतःच दुखणं वाढवते.

घड्याळाप्रमाणे तोंडाने मॉर्फिन देण्याची पद्धत सिसिली सॉन्डर्स यांनी रुजवली. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था, सुरू केलं. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत तीन पायऱ्यांच्या शिडीच्या रूपात जगभर नेली: सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधं, मध्यम दुखण्याला कोडीन किंवा ट्रामाडॉल, तीव्र दुखण्याला मॉर्फिन. ही शिडी एकेक पायरी चढतच जायची असा समज पुढे पक्का झाला. संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार दुखणं तीव्र असेल तर थेट तीव्र औषधापासून सुरुवात करायला हरकत नाही. काकांना हे जरूर सांगा. मॉर्फिन कधी सुरू करायचं हे दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं. माणसाकडे किती दिवस उरलेत याच्याशी त्याचा संबंध नाही. मॉर्फिनवर महिनोन् महिने राहून घरात वावरणारी, नातवंडांशी खेळणारी माणसं मी कायम बघते.

आता "पुढे काय उरणार" या भीतीकडे येते, कारण ही भीती मायेपोटी आलेली असते आणि नेमकी तीच माणसाला दुखत ठेवते. ट्रामाडॉलला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मॉर्फिनला तशी ठरावीक कमाल मात्रा नाही. दुखणं वाढलं तर डोस टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, मर्यादा येते ती त्रासदायक परिणामांची. आणि डोस वाढवावा लागतो तो बहुतेकदा आजार पुढे सरकल्यामुळे, औषध "बोथट" झाल्यामुळे क्वचित. कित्येकांचा डोस आठवडेच्या आठवडे तोच राहतो. रेडिएशननंतर हाडाचं दुखणं उतरलं की तो कमीही करता येतो. आज वाचवून ठेवलेलं मॉर्फिन उद्याच्या कामी येत नाही. आजची रात्र मात्र वाया जाते.

सवयीबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर ते एकदम बंद केलं तर घाम, पोटात कळा, अस्वस्थता असा त्रास होतो. शरीराला त्याची सवय झालेली असते, म्हणूनच ते हळूहळू कमी करत थांबवतात. हे व्यसन नव्हे. व्यसन म्हणजे दुखण्यासाठी नको असतानाही, नुकसान दिसत असतानाही औषधामागे धावणं. कर्करोगाच्या दुखण्यासाठी मोजून-मापून मॉर्फिन घेणाऱ्यांत हे फार कमी दिसतं, पण शून्य नाही. आधी दारूचं किंवा कशाचं व्यसन होऊन गेलेलं असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्यामुळे औषध नाकारलं जात नाही, फक्त जास्त लक्ष ठेवलं जातं. औषध घरात कुलपात ठेवा, किती गोळ्या दिल्या ते लिहून ठेवा, उरलेल्या गोळ्या परत करण्याची रीत विचारून घ्या. आणि एक ध्यानात ठेवा: दुखणाऱ्या माणसाला पुरेसं औषध मिळालं नाही तर तोही घड्याळाकडे बघत बसतो, वेळेआधी गोळी मागतो, चिडतो. घरच्यांना ते व्यसन वाटतं. डोस पुरेसा केला की हे वागणं थांबतं.

श्वास मंदावण्याची भीती डॉक्टरांनाही असते. कमी मात्रेपासून सुरुवात करून दुखण्याच्या बेताने वाढवलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. श्वास मंदावण्याआधी गुंगी येते, म्हणजे शरीर आधी इशारा देतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतली पेंग वेगळी. कित्येक रात्रींची राहिलेली झोपही त्यात भरून निघत असते. हाक मारल्यावर माणूस जागा होतो, बोलतो, तर घाबरू नका. हलवूनही जागा होत नाही, किंवा श्वास मिनिटाला आठच्या खाली गेलेत, तर पुढचा डोस देऊ नका आणि तातडीची मदत बोलवा. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलम, मॉर्फिनच्या जोडीला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नका. खरे धोके बहुधा अशा जोडीतून होतात.

मळमळ आणि बद्धकोष्ठता यांनी तुमचं औषध बंद पाडलं, आणि हे टाळता आलं असतं. मळमळ सर्वांना होत नाही. झाली तरी सहसा आठवड्याभरात ओसरते, तोवर मेटोक्लोप्रामाइड किंवा अगदी कमी मात्रेत हॅलोपेरिडॉल देता येतं. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही. शरीर मॉर्फिनच्या बाकीच्या त्रासांना सरावतं, याला सरावत नाही. म्हणून जुलाबाचं औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं आणि मॉर्फिन आहे तोवर रोज चालायला हवं. आतड्याला चालना देणारं सेना किंवा बिसाकोडिल लागतं, गरजेप्रमाणे जोडीला मल मऊ करणारं लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. इसबगोलसारखं फुगणारं औषध इथे नको. पाणी कमी पिणाऱ्या, झोपून असलेल्या माणसात त्याने मल अडकून बसू शकतो. आत्ता बरेच दिवस शौचाला झालेलं नसेल तर तोंडाने जुलाब देण्याआधी खाली मल घट्ट अडकलाय का हे नर्स किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि हो, शौचावरचा परिणाम मज्जारज्जूच्या दाबानेही होतो, म्हणून वर लिहिलेली तपासणी टाळू नका.

डोस कसा ठरतो ते आकड्यांत सांगते, म्हणजे डॉक्टर काय करतायत ते कळेल. स्वतः डोस बदलण्यासाठी हे सांगत नाही. दर चार तासांनी १० म्हणजे दिवसाचे ६०. मधेच दुखणं उसळलं तर जादा डोस द्यायचा, तो साधारण दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग, इथे १०. जादा डोस दिला म्हणून पुढचा ठरलेला डोस चुकवायचा नाही. समजा असे तीन जादा डोस लागले. मग त्या दिवसाची खरी गरज ९० होती, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी दर वेळचा डोस १५ करतील. जादा डोसही तेवढाच होईल. दोन-चार दिवसांत गरज स्थिरावली की त्याच बेरजेच्या, बारा तास टिकणाऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ देता येतात. मग रात्री दोनला उठावं लागत नाही. त्या गोळ्या कुटून किंवा चावून देऊ नयेत, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. हे सगळं ज्या वहीवर उभं आहे ती वही आजच सुरू करा: वेळ, शून्य ते दहामध्ये दुखणं किती, काय दिलं, तासाभराने किती उरलं.

यात परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, वय आणि अशक्तपणा. फार थकलेल्या माणसाला मी अडीच किंवा पाचपासून सुरुवात करते. तुमच्या वडिलांना आधी ट्रामाडॉल चालू होतं, म्हणून डॉक्टरांनी १० निवडलं असावं. ते ट्रामाडॉल आता बंद आहे ना, तेवढं विचारून घ्या. दुसरी गोष्ट किडनी, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मॉर्फिनपासून तयार होणारे घटक किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी मंद असेल तर ते साठतात, आणि माणूस बरळतो, सतत गुंगीत राहतो, हातपाय झटकल्यासारखे उडतात. प्रोस्टेटच्या आजारात लघवीचा मार्ग दाबला जाऊन किडनी बिघडणं नवं नाही. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन अलीकडे तपासलेलं नसेल तर तपासा. बिघडलेलं असेल तर मॉर्फिनचा डोस कमी करतात, दोन डोसांमधलं अंतर वाढवतात किंवा फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन अशा औषधांकडे वळतात. मेथाडोनही उत्तम औषध आहे, पण ते शरीरात किती काळ राहील हे माणसागणिक बदलतं, म्हणून ते अनुभवी हातातच असावं.

पॅचचं उत्तर यातूनच निघतं. फेंटानिलचा पॅच चांगला आहे, पण दुखणं आटोक्यात येऊन गरज स्थिरावल्यावर. तो लावल्यावर पूर्ण परिणाम दिसायला १२ ते २४ तास जातात, आणि काढल्यावरही औषध कित्येक तास अंगात राहतं. रोज डोस बदलत असताना असं संथ औषध सांभाळता येत नाही. तासाला २५ मायक्रोग्रॅमचा पॅच साधारण दिवसाच्या ६० ते ९० मिलिग्रॅम तोंडी मॉर्फिनच्या तोडीचा. तुमचे वडील प्रत्यक्षात घेतायत १०-२०. त्यांना तो आज एकदम लावणं सुरक्षित नाही. गिळता येत नसेल, किडनी बिघडलेली असेल, बद्धकोष्ठता फारच हट्टी असेल, तर पॅचचा विचार लवकर करावा. पॅचवर गरम पिशवी ठेवायची नाही, आणि ताप आला तर लक्ष ठेवायचं, कारण उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं.

पण मॉर्फिन सगळ्या दुखण्यांचं उत्तर नाही. तुम्ही लिहिलंय की उजव्या मांडीतून खाली "करंट गेल्यासारखं" होतं आणि चादर लागली तरी जळतं. हे नसेचं दुखणं. याला मॉर्फिनच्या जोडीला गॅबापेंटिन, प्रिगाबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा रात्री अगदी कमी मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन लागतं. त्यांना काही दिवस द्यावे लागतात आणि त्यांनीही गुंगी वाढते, म्हणून एका वेळी एकच बदल करावा. प्रोस्टेट मोठं असलेल्यांना अ‍ॅमिट्रिप्टिलिनने लघवी अडू शकते, तुमच्या वडिलांना मी ते टाळीन.

हाडाच्या दुखण्यासाठी रेडिएशनबद्दल विचारलंत का? प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. दुखणाऱ्या हाडावर ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोस एका भेटीत देता येतो, आणि दुखणं कमी करण्यात तो अनेक दिवसांच्या कोर्सइतकाच परिणामकारक ठरलेला आहे. निम्म्याहून जास्त लोकांना आराम पडतो. आराम यायला एक ते चार आठवडे लागू शकतात, आणि पहिले दोन-तीन दिवस दुखणं थोडं वाढूही शकतं, म्हणून त्या काळात मॉर्फिन नीट चालू हवं. मांडीचं हाड फार पोखरलं असेल तर ते मोडण्याआधी आधार देणारं ऑपरेशन करावं का, हे हाडांच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं. मोडल्यावरचं दुखणं आणि परावलंबन फार वाईट. पॅरासिटामॉल चालू ठेवता येतं. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक हाडाच्या दुखण्याला उपयोगी पडतं, पण किडनी पाहिल्याशिवाय नको, आणि डेक्सामेथासोन सुरू झालं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून विचारल्याशिवाय बिलकुल नको. हलताना, अंघोळीला नेताना, कूस बदलताना दुखत असेल तर जादा डोस अर्धा-पाऊण तास आधी द्या आणि मगच हलवा. एवढ्या साध्या बदलाने सकाळ सुसह्य झालेली मी पुष्कळ घरं पाहिलीत.

रात्रीबद्दल आणखी एक. रात्री दुखणं वाढतं त्याला औषध ओसरणं हे कारण आहेच, पण अंधारात, शांततेत माणूस आपल्या मरणाशी एकटा असतो हेही आहे. सॉन्डर्स अशा दुखण्याला समग्र वेदना म्हणत: शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची गुंतलेली. वडिलांना दिवसा, शांत वेळी विचारा की त्यांना सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते. मुलांना त्रास नको म्हणून दुखणं लपवणारे, "ठीक आहे" म्हणणारे वडील असंख्य असतात. आणि औषधाचा निर्णय त्यांच्यासमोर घ्या, शेजारच्या खोलीत कुजबुजून नको. गोळी घ्यावी की नको यावर पहिला हक्क ज्याला दुखतंय त्याचा आहे.

डॉक्टरांशी बोलाल तेव्हा पायांचं आधी सांगा. मग प्रामाणिकपणे सांगा की गोळ्या नियमित दिल्या नव्हत्या, नाहीतर ते समजतील की ६० मिलिग्रॅमने भागलं नाही आणि डोस चढवतील. पॅलिएटिव्ह केअरच्या टीमकडे पाठवता का, हेही विचारा. त्यासाठी कर्करोगाचे उपचार सोडावे लागत नाहीत. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगावर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेल्या रुग्णांचं जगणं जास्त सुसह्य होतं, आणि ते सरासरी जास्त दिवस जगलेही.

शेवटची एक सोय आधीपासून करून ठेवा. पुढे कधी गिळता येईनासं झालं तर मॉर्फिन थांबवायचं नसतं, मार्ग बदलायचा असतो. त्वचेखाली बारीक सुईने, लहान पंपाने ते सतत देता येतं, आणि तेव्हा तोंडी मात्रेच्या अर्धी ते एक तृतीयांश मात्रा पुरते. हे घरीही करता येतं. पंप कुठून मिळेल, सुई कोण लावेल आणि मध्यरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, ही तीन उत्तरं त्याच भेटीत लिहून घ्या आणि गोळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.